मालेगावच्या चौकोनातलं शून्य

शितावरून भाताची परीक्षा करायची, हाच आम्हा संख्याशास्त्रवाल्यांचा धंदा. मी तो वर्गात खडूने करते आणि कॉलेज सुटलं की घरी जाते. प्रतिभा माझ्याच विभागात असली तरी तिची जात वेगळी. ती संशोधन करते. सिंहस्थात नाशकात माणसांचा पूर येतो आणि त्यात म्हातारी माणसं हरवतात, तर ती कुठे सापडतील हे सांगणारं मॉडेल ती बनवत होती. जिकडे तिकडे एआयचा डंका वाजायला लागल्यावर सगळ्यांना तिचं कौतुक वाटायला लागलं. ती मात्र त्याआधीपासून गोदाघाटावर पोलिसांच्या मंडपात बसून नोंदी उतरवून घेत होती.

मॉडेल समजायला अवघड नाही. जिल्ह्याच्या नकाशाचे चौकोन पाडायचे. हरवलेलं माणूस कसं आहे, त्याचं घरदार काय, ते नेहमी कुठे जातं, हे सगळं बघून प्रत्येक चौकोनाला आधी एक अंदाज द्यायचा. मग पुरावा येईल तसा अंदाज बदलत जायचा. एखादा चौकोन पालथा घातला आणि माणूस मिळालं नाही, तर तिथला आकडा उतरतो आणि बाकीच्यांचा चढतो. 'अशी बाई आम्ही पाहिली' म्हणणारे फोन एआय ऐकतो, आपल्याकडच्या माहितीशी ताडून बघतो आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवतो.

या बेजियन पद्धतीत पहिल्याच तासाला आम्ही मुलांना एक पथ्य सांगतो. आधीच्या अंदाजात शून्य घालायचं नाही. कितीही अशक्य वाटलं तरी चिमूटभर काहीतरी ठेवायचं, कारण शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. हे प्रतिभा माझ्यापेक्षा छान शिकवायची. फळ्यावर एक चौकोन काढून त्यात गरगरीत शून्य घालायची आणि म्हणायची, हा चौकोन मेला, आता देवाने येऊन साक्ष दिली तरी मॉडेल ऐकणार नाही.

आणि चैत्रात तिची स्वतःची आई हरवली.

कुसाबाईंना मी बरीच वर्षं ओळखत होते. मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा. सगळी हयात झेंडू, शेवंती, मोगरा पिकवून फुलबाजारात विकण्यात गेली. अलीकडे त्यांना विसर पडायला लागला होता. मला पाहिलं की कधी मला सून समजायच्या, कधी गिऱ्हाईक. एकदा त्यांनी मला मोगऱ्याचा भाव सांगितला आणि मी घासाघीस केली नाही म्हणून रागावल्या. प्रतिभाचे वडील खंडेराव, म्हणजे अण्णा, वारले होते. एक धाकटा भाऊ होता तोही तरुणपणीच वारला, असं प्रतिभाने ओळख झाली तेव्हाच सांगितलं होतं. त्यामुळे घरात मायलेकी दोघीच, आणि दिवसभर कुसाबाईंपाशी थांबायला मंगलाबाई.

त्या सकाळी प्रतिभा कॉलेजात होती. मंगलाबाई गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आल्या तर फाटक उघडं आणि कुसाबाई नाहीत. सकाळपासून त्यांचं एकच पालुपद चाललं होतं, गडाला जायचंय. गड म्हणजे वणीचा सप्तशृंगगड. पूर्वी दर चैत्रात कुसाबाई एकट्या गडावर जायच्या, मुक्काम करून यायच्या, आणि सोबत कुणी येतो म्हटलं तर चक्क नाही म्हणायच्या. विसर वाढला तसं ते बंद झालं होतं. तेव्हा प्रतिभाने वणीच्या रस्त्याला सगळ्यांत मोठे आकडे दिले. मीही दिले असते.

ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. पोलिसांनी तक्रार घेतली, फोटो फोनाफोनी पसरला, भाऊबंद मोटारसायकली घेऊन दिंडोरीच्या रस्त्याला लागले. गडावर खानदेशातून चालत आलेल्या यात्रेकरूंची ही गर्दी. त्या गर्दीत एक विटकरी नऊवारीतली म्हातारी शोधायची होती. प्रतिभाने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि तिथून ती हलली नाही. उंटावरून शेळ्या हाकतेय, असं तिचा एक चुलतभाऊ पुटपुटला. मी त्याला बाहेरची वाट दाखवली. पण ती खरंच तशीच दिसत होती. फोन आला की एक चौकोन सांगायची, तिथे काही मिळालं नाही की तो फिका करायची, आणि पुन्हा नकाशाकडे बघत बसायची.

मी तिच्याकडेच राहायला गेले. फोन घ्यायचं काम माझ्याकडे. पहिल्या दिवशी तिला धीर होता, मॉडेल अशाच वेळेसाठी तर केलंय म्हणत होती. दुसऱ्या दिवशी बोलणंच थांबलं. अशा उन्हात पाण्यावाचून म्हातारं माणूस किती तग धरतं, त्याचाही एक आकडा तिच्या मॉडेलमध्ये होता, तिनेच घातलेला. तो तासातासाला खाली येत होता. मी म्हटलं, स्क्रीनवरची तेवढी खिडकी तरी बंद कर. तिने केली नाही.

फोन तर रीघ लावून येत होते. कुणाला कुसाबाई येवल्यात दिसल्या, कुणाला त्र्यंबकला, एकाला तर थेट शिर्डीत. एआय एकेकाला चाळून बाजूला काढत होता आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याचं बरोबरच होतं. त्यातच चांदवडहून एक फोन आला. केरू नावाचा, हायवेवर चहाची टपरी चालवणारा माणूस होता.

"म्हातारी येष्टीतून उतरली व्हती, ताई. मीच च्या पाजला. पिशवीत कुरडया व्हत्या, मोडतील म्हनून लय जपत व्हती, खाली ठेवायला तयार नाय. पोराकडं चालले म्हनली. तेवढ्यात गाडी निघून गेली आन ती राहिली. मी गिऱ्हाईक पाहून वळून बघतो तं नाय."

एआयने त्या फोनला जवळजवळ तळालाच टाकलं. मला तो माणूस खोटा वाटला नाही, म्हणून मी प्रतिभाला रेकॉर्डिंग ऐकवलं. तिने ते पुरतं ऐकलंसुद्धा नाही. चांदवड वणीच्या रस्त्यावर नाही, म्हणाली. गडावर ओटीचं सामान नेतात, कुरडया कुणी नेत नाही. आणि शेवटचं मात्र तिने माझ्याकडे न बघता, कोरड्या आवाजात सांगितलं.

"आईला मुलगा नाही."

पोलिसांच्या कागदावरही तेच होतं, अपत्य एक, मुलगी. केरूने पुन्हा फोन केला, सापडली का विचारायला. मी नाही म्हटलं. त्या बिचाऱ्याने आपलीच चूक असल्यासारखा हळूच फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी वणीकडचे सगळे चौकोन शोधून संपले. गडाच्या पायऱ्या, धर्मशाळा, दऱ्या, दवाखाने, काही शिल्लक नव्हतं. नकाशावर कुठेच गडद रंग राहिला नाही. फुलबाजार, गंगापूर धरण, प्रतिभाची जुनी शाळा, जिकडे तिकडे सारखाच फिका पिवळा. सगळीकडे थोडं थोडं, म्हणजे कुठेच नाही. प्रतिभाने माझं मनगट धरलं आणि आता कुठे शोधू, सुवर्णा, आता कुठे शोधू, एवढंच ती म्हणत राहिली. मला तिच्याकडे बघवेना. संख्याशास्त्र गेलं खड्ड्यात, असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही वाटतं.

तिच्या पोटात दोन दिवस अन्न नव्हतं. निदान काहीतरी तळलेलं चार घास खाईल म्हणून मंगलाबाईंनी स्वयंपाकघरातला मोठा डबा उतरवला. झाकण उघडून त्या तशाच बाहेर आल्या.

"ताई, कुरडया कुठं गेल्या? आठ दिवस नाय झाले भरून ठिवल्याला."

मी डबा पाहिला. तळाला नुसता चुरा. म्हणजे केरूने पाहिलेली म्हातारी कुसाबाईच होत्या. मला एकाच वेळी आनंद झाला आणि भीती वाटली. प्रतिभाला बोलवायच्या आधी मी स्वतः खुर्चीत बसले आणि केरूच्या फोनचा भरवसा हाताने वाढवून अगदी वरच्या टोकाला नेला. आता चांदवड आणि तिथून पुढचा रस्ता पेटायला हवा होता. नकाशा हललासुद्धा नाही. चांदवडच्या टपरीभोवती जरासा रंग आला आणि तिथेच थांबला. पुढे घाट, उमराणे, सौंदाणे, सगळं पांढरंफटक.

मला वाटलं मशीन बिघडलं. मी पुन्हा केलं. तेच.

"प्रतिभा," मी विचारलं, "चांदवडवरून गाडी पुढे कुठे जाते?"

ती दारात उभी होती. कुरडयांचा रिकामा डबा तिने पाहिला होता.

"मालेगावला."

"मालेगावच्या चौकोनात किती घातलंय तू?"

ती हळूच खाली बसली, जमिनीवरच, भिंतीला टेकून. आणि तिने जे सांगितलं ते ऐकून मला आधी राग आला, दया नंतर आली.

तिचा भाऊ ज्ञानेश वारलेला नव्हता. यंत्रमागाच्या सुट्या भागांचा व्यवसाय करायला तो मालेगावला गेला, तिथल्या नसीम नावाच्या मुलीशी त्याने लग्न केलं आणि तिथेच राहिला. अण्णांनी ते कळल्या दिवशी सगळ्या घराला मळ्यात नेलं आणि विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाखाली एकेकाला आंघोळ करायला लावली. जिवंत माणसाच्या नावाने आंघोळ केली म्हणजे तो मेला. नंतर त्याचं नाव काढायचं नाही, त्याच्या गावाचंही काढायचं नाही. कुसाबाईंनी मुकाट्याने आंघोळ केली. प्रतिभा तेव्हा पीएच.डी. करत होती. संभाव्यतेच्या सिद्धांतावर. तिनेही केली. अण्णा गेल्यावर तरी हे मोडायचं, तर नाही. अण्णांनी घालून दिलं ते तिने मनात इतकं मुरवलं होतं की तिला आता तो नियम वाटतच नव्हता, वस्तुस्थिती वाटत होती. मॉडेल मांडताना त्या चौकोनापाशी आली तेव्हा तिच्या बोटांनी आपोआप शून्य घातलं. मुलांना वर्षानुवर्षं घालू नका म्हणून बजावलेलं शून्य. आणि ठिकाणच मेलं, तर तिथे नेणाऱ्या रस्त्याला मॉडेल आकडा देणार कुठून.

"आई तिकडे जाणं शक्यच नव्हतं," ती म्हणाली. "तिने आमच्यासोबत आंघोळ केली होती."

मी तिला बोलले नाही. बोलायला खूप होतं. मी फक्त त्याचा नंबर मागितला. तिच्याकडे नव्हता. तिच्याच फोनवर मालेगाव आणि दुकानाचं नाव टाकलं तर पहिल्याच ओळीत तो समोर आला, वर दुकानाचा फोटो, पाटीवर ज्ञानेशचं नाव. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला.

फोन मी लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडून मागांचा खडखडाट ऐकू येत होता. मी प्रतिभाच्या घरून बोलतेय म्हटल्यावर तो खडखडाट मागे पडला, तो बहुधा चालत बाहेर आला असावा.

"ताई आहे का तिथे? आई बरी आहे ना? चैत्र निम्मा सरला, यंदाही आली नाही."

प्रतिभाने तोंडावर हात ठेवला. यंदाही म्हणजे काय, मी विचारलं. तो गोंधळला. मग त्याने जे सांगितलं ते इतक्या सहज सांगितलं की जणू ते आम्हाला ठाऊकच असणार. आई दर चैत्रात त्याच्याकडे यायची. आंघोळ झाली त्याच्या पुढच्याच चैत्रापासून. घरी गडाला जाते सांगून निघायची, मालेगावच्या गाडीत बसायची, कुरडया घेऊन यायची, एक रात्र राहायची. जाताना नसीम तिला देवीचा प्रसाद म्हणून पेढे बांधून द्यायची, घरी दाखवायला. गेल्या चैत्रात आली नाही तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली होती, पण विचारणार कुणाला.

ते पेढे प्रतिभाने खाल्ले होते. दर वर्षी, हात जोडून.

कुसाबाई लेकीचं नाव विसरल्या होत्या, फुलांचे भाव विसरल्या होत्या, जेवलो की नाही हेसुद्धा त्यांना आठवत नव्हतं. पण मुलगा विसरल्या नव्हत्या, आणि मुलाकडे जाताना सांगायची थापही विसरल्या नव्हत्या.

चांदवडचं ऐकून ज्ञानेश निघतो, एवढंच म्हणाला. आमचा फोन ठेवून होतो न होतो तोच प्रतिभा उठली, लॅपटॉपपाशी गेली आणि तिने मालेगावचं शून्य पुसलं. तिथे तिने मोठा आकडा घातला नाही, अगदी चिमूटभर घातला. केरूचा फोन, कुरडया, पोराकडं चालले हे शब्द, तीन दिवस अडवून ठेवलेलं सगळं एकदम आत गेलं. चांदवडपासून मालेगावपर्यंतचा हायवे लालभडक झाला. ती ते बघत उभी राहिली. मॉडेल चुकलेलं नव्हतंच. त्याला जे सांगितलं ते त्याने इमानाने पाळलं होतं, घरातल्या बाकीच्यांसारखं.

आम्ही माझ्या गाडीने निघालो. वडनेर भैरवच्या पुढे प्रतिभा रस्त्याकडेची प्रत्येक सावली बघायला लागली, झाडाखालची, पुलाखालची, टपऱ्यांमागची. मला गाडी सावकाश चालवायला सांगायची आणि लगेच लवकर चालव म्हणायची. चांदवडला केरू टपरी बंद करून रस्त्यावर उभा होता. तो स्वतःच घाटापर्यंत जाऊन आला होता. घाट उतरतानाच ज्ञानेशचा फोन आला.

तो मालेगावकडून शोधत निघाला होता. त्याच्यासोबत नसीम, नसीमचा भाऊ नियाज आणि गल्लीतले रिक्षावाले. एवढे लोक त्याला कसे मिळाले हे मी नंतर विचारलं, तर म्हणाला, गल्लीत आईला सगळे ओळखतात. उमराण्याच्या अलीकडे हायवेला लागून एक कांद्याची चाळ होती, रिकामी, अजून माल न भरलेली. तिच्या सावलीत कुसाबाई आडव्या होत्या. पिशवी उशाला. श्वास चालू होता. ते त्यांना मालेगावच्या दवाखान्यात नेत होते.

आम्ही पोचलो तेव्हा ज्ञानेश बाहेर पायरीवर बसला होता. त्याच्या बसण्यावरूनच कळलं. डॉक्टर म्हणाले, काल जरी आणलं असतं तरी काही करता आलं असतं. ते सगळ्यांनाच असं सांगत असतील. पण प्रतिभाला तेवढं पुरलं. ती भिंतीवर डोकं आपटायला लागली, मला आवरेना. काल आकडा किती होता, ती मला विचारत होती, काल किती होता सांग, तुला दिसत होता. तग धरण्याचा तो आकडा मला माहीत होता. मी सांगितला नाही.

तिला धरलं ते नसीमने. उंच, सडपातळ बाई, डोक्यावरची ओढणी धावपळीत मागे गेलेली. तिने प्रतिभाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि प्रतिभा जराशी शांत झाल्यावर चाचरत विचारलं.

"रिक्षामध्ये त्यांनी पाणी मागितलं, आपा. मी पाजलं. माझ्या हातचं चाललं ना?"

प्रतिभाने तिच्याकडे पाहिलं. तिने नसीमचा तो हात घेतला आणि स्वतःच्या कपाळाला लावून ठेवला.

कुसाबाईंना आम्ही मखमलाबादला आणलं. भाऊबंद जमले, आणि अंगणात कुजबुज सुरू झाली की अग्नी कुणी द्यायचा, ज्याच्या नावाने आंघोळ झाली त्याने कसा द्यायचा. पुतण्यांपैकी एकाने शर्टाची बटणं काढायलाही घेतली. प्रतिभा आईच्या उशाशी बसलेली होती, तिथूनच बोलली.

"तिला मुलगा आहे."

पुन्हा कुणी विषय काढला नाही.

माणसं स्मशानातून परतली तेव्हा घरातल्या नळाला पाणी नव्हतं. कुणीतरी म्हणालं, मळ्यात मोटार आहे. निम्म्या मळ्यात आता इमारती उभ्या आहेत, पण विहिरीपाशी मोगऱ्याचे चार वाफे अजून आहेत आणि तो पाइपही तोच आहे. मोटार प्रतिभाने चालू केली. ज्ञानेश पाइपाखाली बसला, मग उठून बाजूला झाला, मग ती बसली. नसीम आणि मी बांधावर उभ्या होतो. या बाईने इतकी वर्षं खोटा प्रसाद बांधून दिला आणि एकदाही तक्रार केली नाही, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

प्रतिभाने पाण्याखालूनच भावाला विचारलं, आई शेवटी काही बोलली का. त्याने ऐकू न आल्यासारखं केलं. तिने पुन्हा विचारलं. तो वाफ्याकडे बघत राहिला आणि मला वाटलं तो सांगणार नाही. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

"मला ओळखलं तिने," तो म्हणाला. "म्हणाली, ज्ञानू, ताईला सांगू नको हं. गडाला गेले म्हणावं."

प्रतिभा उठली नाही. पाणी तिच्या डोक्यावरून पडत राहिलं आणि मोगऱ्याच्या वाफ्यातून वाहत बांधापर्यंत गेलं. बऱ्याच वेळाने नसीमनेच जाऊन मोटार बंद केली.